भाष्यग्रंथ एक म्हणतो आणि निकाल दुसरे म्हणतो, तेव्हा तालुक्याच्या वकिलाने काय वाचावे?

तीन वर्षांपूर्वी सनद घेतलेल्या आणि तालुका न्यायालयात काम करणाऱ्या एका वकील बंधूंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धनादेश न वटल्याबद्दल त्यांनी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गेल्या वर्षी फिर्याद दाखल केली, न्यायदंडाधिकाऱ्यांनी शपथपत्र पाहून प्रोसेस (आरोपीला हजर होण्याचा हुकूम) काढली, आणि हजर झालेल्या आरोपीच्या वकिलांनी लगेच अर्ज दिला की, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल (कॉग्निझन्स, म्हणजे न्यायालयाने अपराधाकडे लक्ष देऊन पुढे जायचे ठरवणे) घेण्यापूर्वी आरोपीला ऐकून घेणे बंधनकारक होते, ते झाले नाही, म्हणून प्रोसेसचा आदेश मागे घ्यावा. अर्जाला २०२४ साली निघालेल्या एका भाष्यग्रंथाची दोन पाने आणि एका लेखाची छापील प्रत जोडलेली आहे. प्रश्नकर्त्याकडील पुस्तक या परंतुकावर (कलमाला जोडलेल्या अटीवर) चार ओळींत आटोपते, आणि व्हॉट्सॲपवर आलेला एक सारांश याच्या अगदी उलट सांगतो. तेव्हा प्रमाण कोणते मानायचे, नवे पुस्तक कोणते घ्यायचे, न्यायालयात लेखाचा आधार चालतो का, आणि जुन्या आवृत्त्या रद्दीत काढायच्या का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर देण्यापूर्वी माझी मर्यादा सांगते. माझी सव्वीस वर्षांची वकिली सातारा जिल्ह्यात, पहिली नऊ वर्षे तालुक्याला आणि नंतर जिल्हा न्यायालयात झाली. काम मुख्यतः फौजदारी आणि धनादेशाचे, काही दिवाणी दावे. करविषयक किंवा कंपनी कायद्याच्या कामात वाचनाची शिस्त वेगळी असते आणि त्याबद्दल मी काही सांगणार नाही. बार रूममध्ये बरी लायब्ररी आहे की नाही, सिनिअर त्यांची कपाटे उघडी ठेवतात की कुलपात, आणि महिन्याकाठी पुस्तकांवर खर्च करायला काय उरते, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

माझ्या मते तुमची खरी अडचण कोणत्या लेखकावर विश्वास ठेवावा ही नाही. समोर ठेवलेले प्रत्येक पान कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, आणि लिहिणाऱ्यापुढे त्या दिवशी काय काय होते, हे तपासायची सवय आपल्याला कॉलेजात कोणी लावत नाही. दीडशे वर्षे स्थिरावलेल्या कायद्यावर ती सवय नसली तरी निभावून जात होते. तीन नवे फौजदारी कायदे (नागरिक सुरक्षा संहिता, न्याय संहिता आणि साक्ष्य अधिनियम) लागू झाले त्या १ जुलै २०२४ पासून निभावत नाही.

तुमचेच कलम घेऊ. कलम २२३ चा पहिला परंतुक सांगतो की, आरोपीला ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय न्यायदंडाधिकारी अपराधाची दखल घेणार नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०० मध्ये हे वाक्य नव्हते. २०२४ च्या मध्यावर ज्याने भाष्य लिहायला घेतले, त्याच्यापुढे फक्त ही शब्दरचना होती. त्यावरचा एकही निकाल नव्हता. त्याने शब्द वाचले आणि लिहिले की हे बंधन सर्व खासगी फिर्यादींना लागू आहे. त्या दिवशी ते चूक नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बसनगौडा यत्नाळ यांच्या प्रकरणात क्रम स्पष्ट केला: आधी फिर्यादी व हजर साक्षीदार यांचा शपथेवर जबाब, मग आरोपीला नोटीस, आणि त्याचे ऐकून झाल्यावर दखल. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुशल कुमार अगरवाल विरुद्ध अंमलबजावणी संचालनालय या प्रकरणात (तटस्थ सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेला निकालाचा क्रमांक: २०२५ आयएनएससी ७६०) हाच परंतुक मनी लाँडरिंगच्या तक्रारीला लावून, आरोपीला न ऐकता घेतलेली दखल रद्द केली. इथपर्यंत वाचून थांबणाऱ्याला तुमच्या प्रतिपक्षाचा अर्ज पक्का वाटेल.

पण २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा खंडपीठाच्या निर्णयावरून आलेल्या संजबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर या अपिलात (२०२५ आयएनएससी ११५८) धनादेशाच्या खटल्यांसाठी एक मालिकाच निर्देशांची दिली, आणि त्यात स्पष्ट म्हटले की कलम १३८ च्या फिर्यादीत दखलपूर्व टप्प्यावर कलम २२३ प्रमाणे आरोपीला समन्स काढण्याची गरज नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने अशोक विरुद्ध फय्याज अहमद या प्रकरणात घेतलेल्या मताशी न्यायालयाने सहमती दाखवली. तुमच्याकडे आलेला व्हॉट्सॲपचा सारांश बहुधा याच निकालाचा आहे. म्हणजे भाष्यग्रंथ आणि सारांश हे एकमेकांशी भांडत नाहीत; त्या दोघांमध्ये सव्वा वर्ष गेले आहे.

इथे थांबलात तर प्रतिपक्ष उठून कुशल कुमार अगरवाल वाचेल आणि विचारेल की मनी लाँडरिंगचा कायदाही विशेष कायदाच आहे, मग तिथे परंतुक लागू आणि इथे नाही, असे का? या प्रश्नाचे उत्तर सारांशात मिळत नाही, निकालांची साखळी उलगडावी लागते. मनी लाँडरिंगच्या तक्रारीला जुन्या संहितेची कलम २०० ते २०५ ही प्रक्रिया लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यात तरसेम लाल प्रकरणात आधीच ठरवले होते. त्यामुळे संहिता बदलल्यावर बदललेला परंतुकही तिथे ओघाने आला. परक्राम्य संलेख अधिनियमाचे तसे नाही. त्याचे कलम १४२ दखलीविषयीच 'फौजदारी प्रक्रिया संहितेत काहीही असले तरी' या अर्थाच्या शब्दांनी सुरू होते, कलम १४३ संक्षिप्त चौकशी सांगते आणि कलम १४५ शपथपत्रावर पुरावा घेऊ देते. आणि जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ८ मुळे जुन्या संहितेचा तो उल्लेख आता नव्या संहितेचा म्हणून वाचायचा. हे शेवटचे विवेचन मी माझ्या युक्तिवादासाठी जुळवलेले आहे, ते निकालाचे शब्द म्हणून न्यायालयापुढे ठेवू नका. पण दोन समान संख्येच्या पीठांच्या निकालांत विरोध नाही, हे दाखवायला अशी काहीतरी बांधणी तुमच्याजवळ तयार हवी.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात लिहिलेली नाही, ती आज रात्रीच फाइल काढून पाहा. फिर्यादीत कलम १३८ सोबत फसवणुकीचे, म्हणजे न्याय संहितेचे कलम ३१८, जोडले आहे का? आपल्याकडे अशिलाचे समाधान व्हावे म्हणून किंवा समोरच्यावर दडपण यावे म्हणून ते जोडायची खोड आहे. जोडले असेल तर तेवढ्या भागापुरता परंतुकाचा आक्षेप जिवंत राहतो, कारण तारी निकाल कलम १३८ बद्दल बोलतो. मी असते तर तो भाग पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन सोडून दिला असता, पण तो निर्णय अशिलाला विचारून घ्यायचा.

आता पुस्तकांकडे वळते. माझ्या सिनिअरांकडे दिवाणी प्रक्रिया संहितेवरचे मुल्ला यांचे भाष्य होते, त्याची बांधणी सुटत आली होती आणि जाडी मुळापेक्षा दीडपट झाली होती. कारण जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या कलमाशी डिंकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर निकालाचे नाव, पीठातील न्यायमूर्तींची संख्या, परिच्छेद क्रमांक आणि कोपऱ्यात त्यांनी तो निकाल स्वतः वाचल्याची तारीख असे. एखादा निकाल पुढे फिरला तर ते चिठ्ठी फाडत नसत. त्यावर तांबड्या शाईने तिरपी रेघ मारून फिरवणाऱ्या निकालाचे नाव लिहीत. मला ज्युनिअर म्हणून पहिले सहा महिने फक्त त्या चिठ्ठ्या नकलून काढायचे काम होते, आणि तेव्हा ते मला अपमानास्पद वाटत असे. भाष्यग्रंथ ही छापून संपलेली वस्तू नसते, त्याचा उरलेला अर्धा भाग वापरणाऱ्याने लिहायचा असतो, हे मी त्या डिंकाच्या वासातून शिकले. आज मी हेच मोबाइलवरच्या नोंदवहीत करते, कलमवार. पण तारीख आणि परिच्छेद क्रमांक यांवाचून एकही नोंद ठेवत नाही.

याच्या उलट वागल्यावर काय होते तेही सांगते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मनाई हुकमाच्या एका अपिलात मी एका नियतकालिकातील निकाल ठेवला. हेडनोटमध्ये (निकालाच्या वर संपादकाने छापलेल्या सारांशात) मला हवे होते तेच वाक्य होते आणि मी निकाल पूर्ण वाचला नव्हता. जिल्हा न्यायाधीशांनी शांतपणे सांगितले, 'मॅडम, ज्या परिच्छेदावरून ही हेडनोट काढली आहे तो वाचा.' मी वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला लक्षात आले की ते वाक्य न्यायालयाचे नव्हतेच. अपिलार्थीच्या वकिलांचा युक्तिवाद नोंदवताना आलेले होते, आणि दोन पाने पुढे न्यायालयाने तोच युक्तिवाद फेटाळला होता. अपील गेले ते गेले, पण त्या न्यायालयात पुढची दोन वर्षे माझ्या प्रत्येक सायटेशनकडे जरा बारकाईने पाहिले जात असे. हेडनोट लिहिणारा माणूसच असतो आणि त्याच्या टेबलावर त्या दिवशी आणखी तीस निकाल पडलेले असतात.

नव्या तीन कायद्यांसंबंधी जे साहित्य बाहेर आले त्यात सर्वांत जास्त खप तुलनात्मक कोष्टकांचा आहे: डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे, आणि शेजारी 'बदल नाही' किंवा 'किरकोळ बदल' असा शेरा. पहिल्या दोन महिन्यांत कोष्टकावाचून माझेही चालत नव्हते. ३०२ च्या जागी १०३ म्हणायला जीभ वळायला वेळ लागतोच. पण शेऱ्याच्या रकान्यावर विसंबू नका. आरोपपत्र वेळेत न आल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाची मुदत जुन्या कलम १६७ मध्ये होती, ती आता कलम १८७ मध्ये आहे. साठ आणि नव्वद दिवस तसेच आहेत, म्हणून कित्येक कोष्टके पुढे सरकतात. परंतु जुन्या कलमात नव्वद दिवसांसाठी दहा वर्षांपेक्षा 'कमी नाही' अशा मुदतीच्या कारावासाची अट होती, आणि नव्यात 'दहा वर्षे किंवा अधिक' अशा मुदतीचे शब्द आहेत. हा फरक क्षुल्लक वाटत असेल तर राकेश कुमार पॉल विरुद्ध आसाम राज्य हा २०१७ चा निकाल वाचा, ज्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक मतांनी जुन्या शब्दांचा अर्थ लावला, आणि तो सगळा वाद त्या दोन-तीन शब्दांभोवतीच फिरला होता. शब्द बदलला की जुना अर्थ आपोआप पुढे येतो की नाही, हा युक्तिवादाचा विषय होतो, आणि साठाव्या दिवशी तुरुंगात असलेल्या माणसासाठी तो अजिबात पंडिती विषय नसतो. म्हणून मूळ कलम राजपत्रातून किंवा इंडिया कोडच्या संकेतस्थळावरून आधी वाचावे, दोन्ही संहिता शेजारी ठेवून, आणि भाष्य त्यानंतर उघडावे. आधी भाष्य वाचले की कलमात तेच दिसू लागते जे भाष्यकाराने दाखवले आहे.

लेख, ब्लॉग आणि निकालांच्या बातम्या यांचे मोल वेगळे आहे. त्या आपल्याला उत्तर देत नाहीत, पण काहीतरी हलले आहे याची खबर देतात. अटकेची कारणे लेखी देण्याचा प्रश्न पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल, मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ, फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार, ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध दर्शन, आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी वरळीच्या अपघात प्रकरणातून आलेला मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिले दोन निकाल विशेष कायद्यांपुरते आहेत असे म्हणणारे लेख होते. दर्शन प्रकरणानंतर, लेखी कारणे नसली म्हणून अटक आपोआप बेकायदा होत नाही, आरोपीचे काय नुकसान झाले ते दाखवावे लागते, असे ठासून लिहिणारे लेख आले. नोव्हेंबरच्या निकालाने कारणे लेखी, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत, सर्व अपराधांसाठी, आणि आधी देता आली नाहीत तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास अगोदर द्यावीत असे सांगितले. दोन वर्षांत या एका मुद्द्यावर लिहिलेल्या प्रत्येक लेखाचे आयुष्य काही महिन्यांचे होते. मी असे लेख वाचते ते त्यांच्या निष्कर्षासाठी नव्हे. लेखकाने कोणते पाच निकाल ओळीने मांडले आहेत ते पाहते, आणि मग ते निकाल काढून वाचते.

कायद्याच्या अभ्यासकांचे लेखन तालुक्याच्या वकिलाला काय कामाचे, असे मात्र समजू नका. आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. निकालाचे तर्कशास्त्र असे होते की तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून संमती होती. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि निकालातील संमती व शरणागती यांची गल्लत परिच्छेदागणिक उघड केली. निकाल बदलला नाही. पण देशभर चर्चा झाली, विधी आयोगाने १९८० साली बलात्काराच्या कायद्यावर अहवाल दिला आणि १९८३ च्या दुरुस्तीने पुराव्याच्या कायद्यात कलम ११४अ आले, ज्यामुळे कोठडीतील बलात्कारासारख्या प्रकरणांत संभोग सिद्ध झाल्यावर आणि संमती नव्हती असे पीडितेने न्यायालयात सांगितल्यावर संमती नव्हती असेच गृहीत धरायचे असते. आज ते साक्ष्य अधिनियमाचे कलम १२० आहे. आपण सत्र न्यायालयात ते कलम दाखवतो तेव्हा चार प्राध्यापकांच्या एका टीकेवरच बोट ठेवत असतो. अशीच दुसरी गोष्ट मूलभूत संरचनेची, म्हणजे संविधानाचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही या तत्त्वाची: जर्मन अभ्यासक डिट्रिख कॉनराड यांनी १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातली कल्पना १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्यायमूर्ती खन्नांच्या निर्णयात दखलपात्र ठरली. अर्थात असे लेखन दर आठवड्याला येत नसते.

तर लेखाचा आधार न्यायालयात चालतो का? बंधनकारक म्हणून अजिबात नाही. संविधानाच्या अनुच्छेद १४१ खाली सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केलेला कायदा आणि आपल्यापुरता मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय, मग तो मुंबईचा असो, नागपूर, औरंगाबाद वा गोव्याचा, किंवा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचा. इतर उच्च न्यायालयांचे निकाल मन वळवण्यापुरते. भाष्यग्रंथ आणि लेख त्याहीनंतर. हयात लेखकाचे पुस्तक प्रमाण म्हणून वाचायचे नाही अशी जुनी इंग्रजी प्रथा होती, ती आज उरलेली नाही, आणि वरिष्ठ न्यायालये भाष्यांतले उतारे निकालात घेतातही. परंतु तालुक्याच्या न्यायाधीशांपुढे बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे असताना सहा पानी लेख वाचून दाखवणे म्हणजे स्वतःच्या अशिलाचा वेळ घालवणे आहे. लेखातील तर्क पटला असेल तर तो स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या युक्तिवादात मांडा आणि विचार कोणाचा आहे ते विचारल्यास प्रामाणिकपणे सांगा. प्रतिपक्षाने लेखाची प्रत जोडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि ती 'ग्राह्य नाही' म्हणून आरडाओरडा करण्याचेही नाही. त्यावरची तारीख न्यायाधीशांच्या नजरेस आणून द्या, पुरे.

एक सावधगिरी अलीकडची आहे. गेल्या वर्षी माझ्या एका ज्युनिअरने जामीन अर्जासाठी अगदी चपखल असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणला, पक्षकारांची नावे, वर्ष, परिच्छेद सगळे होते. ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या अधिकृत संकेतस्थळावर) तो क्रमांक टाकला तर सेवाविषयक एक भलतेच प्रकरण उघडले. त्याने मोबाइलवरच्या एआयला विचारले होते. हे आपल्याकडेच घडते असे नाही: २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मॅटा विरुद्ध एव्हिआन्का या दाव्यात अस्तित्वात नसलेले निकाल दिल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला, बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ चा आपला एक आदेश अशाच कारणाने मागे घ्यावा लागला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्तित्वातच नसलेल्या निकालांवर आधारलेला कर आकारणीचा आदेश रद्द केला. एआयला कलम समजावून सांगायला लावा, मुद्दे काढायला लावा, हरकत नाही. निकालाचे नाव मात्र त्याच्याकडून घेऊ नका, आणि घेतलेच तर तटस्थ सायटेशन टाकून मूळ प्रत उघडल्याशिवाय अर्जात लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ च्या जानेवारीपासून ई-एससीआरवर फुकट आहेत, उच्च न्यायालयाचे संकेतस्थळावर आहेत. आता सबब उरलेली नाही. मराठी अनुवादित निकाल समजून घ्यायला उपयोगी पडतात, परंतु न्यायालयापुढे इंग्रजी मूळ ठेवावे, कारण 'दखल' आणि 'नोंद' यांची अदलाबदल एका ओळीत सगळा मुद्दा घालवते.

पुस्तक कोणते घ्यावे, याचे उत्तर मी नावाने देणार नाही. दुकानात गेल्यावर प्रस्तावनेखालची तारीख पाहा, ती छापील वर्षाच्या बरीच आधीची असते. मग तुम्हाला नीट माहीत असलेले एक अवघड कलम उघडा, उदाहरणार्थ साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे अनुसूचीतले दोन भाग, एक पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा, यांवर लेखकाने स्वतःचे काही लिहिले आहे की जुन्या कलम ६५ब खालचे निकालच नवा क्रमांक देऊन उतरवले आहेत ते वाचा. तिथे लेखक अडचण मान्य करीत असेल, 'हा प्रश्न अद्याप खुला आहे' असे लिहिण्याइतका धीट असेल, तर ते पुस्तक घ्या. सर्व प्रश्न सुटल्यासारखे लिहिणारे भाष्य नव्या कायद्यावर मला संशयास्पद वाटते. पैसे कमी असतील तर एका वर्षी एकच घ्या, प्रक्रियेचे घ्या. न्याय संहितेचे थांबू शकते, कारण अपराधांच्या घटकांवरचे जुने निकाल बहुतांशी कामाला येतात.

आणि जुन्या आवृत्त्या रद्दीत अजिबात काढू नका. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधांना दंडविधानच लागू आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ खाली त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले व अपिले जुन्या संहितेनेच चालायची आहेत, आणि आपल्या न्यायालयांची गती पाहता तुमच्या निम्म्या कारकिर्दीपर्यंत ती पाने लागणार आहेत. तुमच्या याच प्रकरणात ती आधी लागतील. मी वर परंतुकाचे सगळे सांगितले, पण तुमच्या उत्तराचा पहिला मुद्दा तो नसावा. प्रोसेस काढल्यानंतर ती मागे घेण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना नाही, असे अदालत प्रसाद विरुद्ध रूपलाल जिंदल या २००४ च्या निकालात ठरलेले आहे, आणि १६ एप्रिल २०२१ रोजी धनादेशाच्या खटल्यांबाबतच्या स्वयंप्रेरित प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केले. आरोपीला जायचे असेल तर सत्र न्यायालयात पुनरीक्षणात किंवा उच्च न्यायालयात जावे लागेल; त्याच न्यायालयापुढे हा अर्ज मुळात टिकत नाही. हा मुद्दा नव्या पुस्तकात कलम २२७ खाली सापडेल किंवा सापडणार नाही, जुन्या कोणत्याही बऱ्या आवृत्तीत कलम २०४ खाली सापडेल. तेव्हा उत्तरात पहिला मुद्दा अर्ज टिकत नाही हा, दुसरा तारी निकाल, आणि अगरवाल निकालाचे उत्तर तोंडी तयार ठेवा, प्रतिपक्षाने काढला तरच द्या. अदालत प्रसाद आणि तारी या दोन्ही निकालांच्या पूर्ण प्रती, संबंधित परिच्छेदाला समासात पेन्सिलची रेघ मारून, एक संच न्यायालयाला आणि एक समोरच्या वकिलांना तारखेच्या आदल्या दिवशी द्या. ते सिनिअर असतील तर बहुधा वाचून अर्ज न रेटण्याची पुरसिस देतील.